‘पुस्तक छान आहे’ याच्या पुढे मुलं कधी बोलतात?

देवगड तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: सातवीच्या वर्गात रोज थोडी थोडी करून शिवकाळातली एक किशोर कादंबरी वाचून संपवली. तांडेलाचा, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाचा, बारा-तेरा वर्षांचा मुलगा सिंधुदुर्गाच्या बांधकामावर जातो, अशी कथा. ऐकताना मुलं रंगून जायची. पण शेवटी ‘तुमचं मत लिहा’ म्हटल्यावर जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच मजकूर आला: पुस्तक छान आहे, त्यातून देशप्रेमाची शिकवण मिळते, प्रत्येकाने ते वाचावे. मुलांचं खरं मत काढायचं कसं, आणि त्यांनी पुस्तकाला नावं ठेवली तर काय करायचं, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

बाई, मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतल्या किनाऱ्यालगतच्या शाळांत मराठी आणि इतिहास शिकवत आलो. वर्गात ऐतिहासिक कादंबरी मोठ्याने वाचून दाखवणं हा माझ्या आवडीचा भाग. तुमच्या वह्यांत जो मजकूर आला तो मी पुष्कळदा वाचला आहे. मुलं खोटं लिहीत नाहीत. परीक्षेत ज्या उत्तराला गुण मिळतात ते उत्तर ती लिहितात. ‘मत लिहा’ हा प्रश्न त्यांना निबंधाच्या विषयासारखा ऐकू येतो, आणि निबंधाचा शेवट कसा करायचा हे त्यांना चौथीपासून पाठ असतं.

पण शिवकाळावरच्या पुस्तकाच्या बाबतीत दुसरं एक कारण जास्त खोल आहे, आणि त्यावर आधी बोलायला हवं. मुलांना वाटतं, या पुस्तकात महाराज आहेत, मग पुस्तक आवडलं नाही असं म्हणायचं कसं? महाराजांबद्दलचा आदर आणि कादंबरीबद्दलचं मत या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या सोडवण्याचं काम आपलं. मी वाचनाच्या पहिल्याच दिवशी वर्गाला स्पष्ट सांगतो: महाराज इतिहासात होऊन गेले, हा तांडेलाचा मुलगा मात्र लेखकाने रचला आहे. त्याची आई, त्याची होडी, त्याचं बोलणं, सगळं लेखकाचं. लेखकाचं काम कुठे जमलं आणि कुठे फसलं हे सांगायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे, त्यात महाराजांचा अनादर होत नाही. हे एकदा सांगून भागत नाही, तीन-चार वेळा सांगावं लागतं. पालकांच्या सभेतही सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे घरी जाऊन मुलाने ‘पुस्तक नाय आवडला’ म्हटलं तर कोणी दचकत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘आवडलं का?’ हे विचारणं सोडून द्या. ‘कोणतं पान?’ असं विचारा. वाचताना कुठे थांबावंसं वाटलं, कुठे पटलं नाही, कुठे भीती वाटली, कुठे ‘हे असं नसतं’ असं वाटलं, त्या जागेचा पान क्रमांक आणि शक्य असेल तर ते वाक्य. पुस्तकाची एकच प्रत असली तरी चालतं. प्रकरण वाचून झालं की पुस्तक वर्गात फिरवायचं आणि मुलांनी चिठ्ठीवर पान टिपायचं. मत नंतर. एकदा जागा ठरली की मत आपोआप येतं, कारण त्या जागेवर मुलाला काही तरी झालेलं असतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. एका कादंबरीत नायक पौर्णिमेच्या मध्यरात्री, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरून चालत पलीकडे जातो. चांदणं, चमकणारे ओले खडक, दूरवर पहाऱ्याची मशाल. वर्णन सुंदर होतं, मीही मन लावून वाचलं. पाठीमागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, ‘गुरुजी, पुनवेक बारा वाजता सुकती खयसून इली?’ म्हणजे पौर्णिमेला बारा वाजता ओहोटी कुठून आली? वर्ग क्षणभर थांबला आणि मग एकदम बोलायला लागला. किनाऱ्यावरच्या घरांत हा हिशेब सगळ्यांना येतो: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री समुद्र भरलेला असतो, त्यातून उधाणाची भरती. ते खडक पार बुडालेले असणार. नायक चालत जाणार कुठून?

मी काही बोललो नाही. फळ्यावर तिथी लिहिल्या आणि खडू मुलांच्या हातात दिला. कोणी म्हणालं, अष्टमी करा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला सुकती. लगेच एका मुलीने विचारलं, मग चांदण्याचं काय? शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्री मावळतो. यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तोड निघाली गोकुळाष्टमीवरून. श्रावण वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे वद्य अष्टमी धरली तर नायकाला सुकतीही मिळते आणि नुकता उगवलेला चंद्रही मिळतो. त्या मुलाने चिठ्ठीवर लिहिलं: ‘हा प्रसंग चांगला आहे पण लेखकाने दर्या बघितलेला नाही. वद्य अष्टमी घेतली असती तर खरा वाटला असता.’

बाई, हे साहित्याचं परीक्षण आहे. प्रसंग चांगला आहे हे त्याने मान्य केलं, चूक नेमकी दाखवली आणि दुरुस्ती सुचवली. मोठ्यांच्या परीक्षणांत या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचित मिळतात. पुण्यामुंबईच्या वर्गात याच पानावर कोणी थांबलं नसतं. आपल्या मुलांना समुद्र माहीत आहे, म्हणून या प्रकारच्या पुस्तकाबद्दल त्यांचं मत अधिकाराचं आहे, आणि तो अधिकार त्यांना जाणवून देणं हेच मी या सगळ्या उद्योगाचं सार मानतो.

तुमच्या पुस्तकात सिंधुदुर्गाचं बांधकाम आहे, तेव्हा हाच धागा धरून पुढे जाता येईल. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला तो 25 नोव्हेंबर 1664 रोजी. वर्गात फक्त इतकं विचारा: नोव्हेंबरच का? नारळी पौर्णिमा होऊन गेली, वारा बदलला, समुद्र निवळला, हे मुलं तुम्हाला सांगतील. मग त्यांना त्यांच्या कादंबरीकडे वळवा. काम सुमारे तीन वर्षं चाललं. त्या तीन वर्षांतले पावसाळे लेखकाने दाखवले आहेत का? आषाढात बेटावर माणसं होती का, असली तर त्यांना धान्य कसं पोचायचं? आज यांत्रिकी बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्या दोन महिन्यांत घरात काय चालतं हे ज्या मुलांनी पाहिलंय त्यांना कादंबरीत पाऊस नसणं खटकल्याशिवाय राहत नाही. आणि लेखकाने तो छान रंगवला असेल, तर त्याचं कौतुकही हीच मुलं सगळ्यांत मनापासून करतील. मला दोन्ही अनुभव आले आहेत.

जमलं तर वर्गाला किल्ल्यावर घेऊन जा. जेट्टीवरून होडीने जाताना दरवाजा कुठे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, हे मुलांना स्वतः बघू द्या. मग पुस्तकातलं दरवाज्याचं वर्णन तिथेच तटाखाली उभं राहून वाचा. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, याचं नवल मुलांना फार वाटतं, आणि परतीच्या होडीत ती आपणहून बोलायला लागतात, ‘पुस्तकात पाणी कुठून आणायचे ते लिहिलंच नाही.’ सहल शक्य नसेल तरी हरकत नाही, गावात किल्ल्यावर जाऊन आलेलं कोणी ना कोणी असतंच, त्याला वर्गात बोलवा.

मुलींच्या मतांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. या कादंबऱ्यांत बायका फार थोड्या जागी येतात. भाकरी बांधून देतात, ओवाळतात, वाट बघतात. मुली हे पाहतात पण बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं की शूरांच्या गोष्टीत असंच असायचं. एका मुलीची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. नायक आईला न सांगता रात्री घरातून निघतो, आईला जाग येते, ती दारात येऊन उभी राहते, आणि प्रकरण तिथेच संपतं. तिने लिहिलं: ‘आई दारात उभी राहिली. मग पुढच्या प्रकरणात गड आला. ती आत कधी गेली ते लेखकाने लिहिलं नाही. आमची आई बाबा बोटीवर गेले की दार लावत नाही.’ एवढंच. खाली ना शिकवण, ना ‘सर्वांनी वाचावे’. ती चिठ्ठी मी तिच्या परवानगीने वर्गात वाचली, आणि त्यानंतर अर्धा तास मुलं फक्त त्या आईबद्दल बोलली. खलाशांच्या घरातल्या मुलांचं म्हणणं पडलं की न सांगता जाणं ही बहादुरी नव्हे. बाकीच्यांचं म्हणणं, सांगितलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं आणि गोष्टच झाली नसती. दोन्ही मतं फळ्यावर राहिली. कोणतं बरोबर ते मी सांगितलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. आपण एकदा आपलं मत दिलं की उरलेल्या सगळ्या वह्यांत तेच मत येतं.

‘कंटाळा आला’ हेही मत आहे. फक्त तिथेही पान विचारा. माझ्या अनुभवात कंटाळा बहुतेक वेळा लांबलचक गडवर्णनात आणि घोडदळाच्या प्रकरणांत येतो. शीड, सुकाणू, डोलकाठी, वल्हं हे शब्द आपल्या मुलांना घरचे. खोगीर आणि रिकीब यांच्यापाशी ती अडखळतात. अशा ठिकाणी एखादं चित्र दाखवून पुढे सरकावं. आणखी एक तक्रार नेहमी येते: ‘शेवट आधीच माहीत आहे.’ चौथीत महाराजांचं चरित्र झालेलं, सातवीच्या इतिहासात पुन्हा तोच काळ. सिंधुदुर्ग पूर्ण होतो हे ठाऊक, जंजिरा मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही हेही ठाऊक. मग लेखकाने उत्सुकता कुठे ठेवली ते शोधायला सांगा. किल्ला होतो का यात ती नसतेच. हा मुलगा जगतो का, त्याचा मित्र त्याला दगा देतो का, यात ती असते. लेखकाला इतिहासात काय बदलता येत नाही आणि काय रचता येतं, हे मुलांना या तक्रारीतूनच उमजतं.

आता एक साधन सुचवतो, जे मला फार उपयोगी पडलं. कादंबरी संपल्यावर, आणि त्याआधी नाही, महाराजांचं एक अस्सल पत्र वर्गात वाचा. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं, 1670 च्या दशकातलं, प्रसिद्ध पत्र आहे. पावसाळा तोंडावर आलेला. दाणागोटा आणि वैरण आत्ताच बेहिशेबी संपवली तर पुढे घोडी मरतील, मग माणसं रयतेकडून धान्य-भाजी-गवत ओढून आणतील आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल, अशी कडक ताकीद त्यात आहे. पुढे आगीबद्दल सावध केलं आहे: कोणी बेपर्वाईने चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजी जळतील. जुनी भाषा आहे, म्हणून एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत जावं लागतं. पण उंदराने वात पळवल्याचा उल्लेख आला की मुलं सावरून बसतात. गवताची गंजी आणि घरातला उंदीर त्यांच्या रोजच्या बघण्यातला आहे.

त्यानंतर विचारा: कादंबरीतले मावळे आणि पत्रातली छावणीतली माणसं सारखीच आहेत का? कादंबरीत सगळे बहुधा शूर, प्रामाणिक, हसतमुख. पत्रात मात्र माणसं आळस करणारी, उधळपट्टी करणारी, रयतेला त्रास देऊ शकणारीही आहेत, आणि महाराजांना त्यांना आधीच बजावावं लागतंय. एका वर्गात मुलांनी ठरवलं की पत्रातले महाराज कादंबरीतल्या महाराजांपेक्षा जास्त मोठे वाटतात, कारण उंदराचाही विचार त्यांनी केला. मला ते मत फार मोलाचं वाटलं. आदर जराही कमी झाला नाही, आणि कादंबरीचं वजनही मुलांनी स्वतःच केलं.

शत्रूच्या चित्रणाबद्दल मात्र मतं मागवण्याआधी आपली तयारी लागते. हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, या पट्ट्यातल्या कितीतरी वर्गांत मुसलमान मुलं असतात. काही जुन्या कादंबऱ्यांत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या बाजूचं प्रत्येक माणूस क्रूर आणि हिडीस रंगवलेलं असतं. ते प्रकरण मोठ्याने वाचताना एखादं मूल खाली मान घालून बसतं आणि त्याच्या चिठ्ठीवर काहीच नसतं. ती कोरी चिठ्ठीसुद्धा मत आहे, आणि ते आपल्याला वाचता आलं पाहिजे. मी अशा प्रकरणाच्या आधीच्या तासाला आरमाराचा इतिहास सांगून घेतो: महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख सरदार दौलतखान होता, 1679 मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर महाराजांचा दुसरा सरदार मायनाक भंडारी तटबंदी उभी करत होता आणि त्याच्या पाठीशी दौलतखानाचं आरमार होतं. लढाई सत्तेची आणि समुद्रावरच्या हक्काची होती, धर्मावरून माणसं वाटलेली नव्हती. मग प्रकरण वाचल्यावर प्रश्न ठेवतो: शत्रूच्या गलबतावरही कोणी तांडेलाचा मुलगा असेल का? त्याला लेखकाने नाव दिलंय का? या प्रश्नावर मुलं फार प्रामाणिकपणे लिहितात. शिवाय कोणा एका मुलाला उभं करून ‘तुला काय वाटलं?’ असं कधीही विचारू नका. वर्गासमोर आपल्या समाजाच्या वतीने बोलण्याची वेळ कोणत्याही मुलावर आणायची नसते.

मत कोणत्या भाषेत यावं, हाही महत्त्वाचा भाग. पहिलं मत तोंडी घ्या आणि ते मालवणीत आलं तर मालवणीतच येऊ द्या. लिहितानाही पहिल्या चिठ्ठीला शुद्धलेखनाचा लाल शेरा नको. प्रमाण मराठीत मांडायला नंतर शिकवता येतं, तेव्हा मुलाजवळ सांगण्यासारखं काही तरी असतं. उलट क्रमाने गेलो तर भाषा शुद्ध होते आणि आत काही उरत नाही. आकारिक मूल्यमापनात नोंद करायची असेल तर मत ‘चांगलं’ की ‘वाईट’ यावर गुण नकोत. मुलाने जागा दाखवली का, कारण दिलं का, दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं म्हणणं तपासलं का, एवढंच पाहा.

आणि मत एकदाच घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणानंतर एक चिठ्ठी, मध्यावर एक, संपल्यावर एक. जुन्या चिठ्ठ्या पाकिटात ठेवून शेवटी परत द्यायच्या. सुरुवातीला ‘हा भित्रा आहे’ लिहिणारी मुलं शेवटी ‘तो भीत होता तरी गेला’ असं लिहितात, आणि आपलं मत बदललं हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न: नावं ठेवली तर? ठेवू द्या, फक्त पुराव्यासह. ‘फालतू आहे’ याला मी मत मानत नाही आणि ‘एक नंबर आहे’ यालाही मानत नाही. दोघांनाही तोच प्रश्न, कोणतं पान? मुलाने दाखवलेली चूक खरी आहे का, हे वर्गाने तपासायचं. पंचांग आणा, नकाशा आणा, गावातल्या जुन्या तांडेलाला विचारून या म्हणावं. कधी कधी लेखक बरोबर निघतो आणि मुलांचा हिशेब चुकलेला असतो, तेव्हा तेही चिठ्ठीवर लिहायला लावायचं. लेखक हयात असेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर वर्गाचं पत्र जरूर पाठवा, त्यात कौतुक आणि शंका दोन्ही असू देत.

तुमच्या वर्गाचं पुस्तक संपलं आहे, पण अजून उशीर झालेला नाही. त्या वह्या तशाच राहू द्या, परत लिहायला लावू नका. येत्या आठवड्यात कादंबरीतलं समुद्राचं एक प्रकरण निवडा, शक्यतो रात्रीच्या प्रवासाचं, आणि ते पुन्हा वाचा. वाचण्याआधी इतकंच सांगा की यातलं काय आपल्या किनाऱ्यावर घडू शकतं आणि काय नाही ते टिपायचं आहे. चिठ्ठ्या लहान कापा, चार ओळींपेक्षा जास्त मावणार नाही एवढ्या. ‘शिकवण मिळते’ लिहायला त्यात जागाच उरत नाही.